इंग्रजी कवितेचे कलागीत कसे रचावे : नव्या संगीतकारांसाठी मार्गदर्शन

ज्यांना इंग्रजी कविता मनापासून आवडते, ज्यांनी पाश्चात्त्य संगीताचे प्राथमिक शिक्षण घेतले आहे आणि ज्यांना एखादी जुनी कविता आवाज व पियानो यांच्यासाठी संगीतबद्ध करावीशी वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मुंबई, पुणे आणि गोवा येथे पियानो व गायन शिकवणारे शिक्षक आहेत, ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा होतात, हार्मनीची पुस्तकेही मिळतात. परंतु कविता निवडण्यापासून गायकाच्या हाती स्वच्छ स्वरलिपी देईपर्यंतची कामे कोणत्या क्रमाने करावीत, हे सांगणारे मराठी लेखन मला हवे होते तेव्हा हाताशी नव्हते. या वाटेने गेल्यावर जे कळले ते येथे क्रमाने मांडतो.

आर्ट साँग, म्हणजे आपण येथे ज्याला कलागीत म्हणतो ते, भावगीताच्या जवळचे असले तरी त्याची घडण वेगळी आहे. भावगीतात संगीतकार चाल लावतो, वाद्यमेळाची मांडणी बहुधा दुसरा कोणी करतो आणि गायक आपल्या गळ्याप्रमाणे हरकती घेतो. कलागीतात गायकाचा प्रत्येक स्वर आणि पियानोचा प्रत्येक स्वर एकाच व्यक्तीने लिहिलेला असतो, आणि कवितेचा अर्थ सांगण्याची जबाबदारी दोघांवर सारखीच असते. इंग्लंडमध्ये या परंपरेचे मूळ जॉन डाउलंड यांच्या १५९७ मधील ल्यूटगीतांपर्यंत मागे नेता येते. पुढे हेन्री पर्सेल आले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉन विल्यम्स, क्विल्टर, बटरवर्थ, जॉन आयर्लंड, फिंझी आणि बेंजामिन ब्रिटन यांनी या प्रकाराला बहर आणला. या लेखातील बहुतेक उदाहरणे याच मंडळींची आहेत, कारण इंग्रजी शब्द स्वरात कसा बसवावा हे त्यांच्याइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळते.

माझे मुख्य म्हणणे आधीच सांगून ठेवतो. सुरेल चाल, नावीन्यपूर्ण हार्मनी, पियानोची कारागिरी हे सर्व नंतर सुधारता येते. पण शब्दांचा आघात पहिल्या मसुद्यात चुकला तर बहुतेक वेळा संपूर्ण गीत नव्याने लिहावे लागते. म्हणूनच चौथी पायरी सर्वांत मोठी आहे.

सुरुवातीला काय काय हवे

- कवितेचा विश्वसनीय छापील पाठ आणि ती प्रथम केव्हा प्रसिद्ध झाली याची नोंद.
- कवीचे मृत्यूवर्ष. हक्कांचा हिशेब त्यावरून करायचा असतो.
- प्रत्येक शब्दाचा आघात दाखवणारा इंग्रजी शब्दकोश.
- स्टाफ नोटेशन सहज वाचता-लिहिता येण्याइतकी तयारी. परीक्षांच्या भाषेत सांगायचे तर पाचव्या ग्रेडची थिअरी पक्की असावी. सरगम लिपीत चाल टिपून ठेवता येते, पण पियानोचे दोन हात आणि गायकाची ओळ एकावर एक मांडता येत नाही.
- पियानो, किंवा ८८ पट्ट्यांचा, बोटांच्या दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारा डिजिटल पियानो.
- स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर. म्यूझस्कोर विनामूल्य आहे आणि या कामाला पूर्ण पुरते. सिबेलियस व डोरिको हे विकत घ्यायचे पर्याय आहेत. फिनालेची निर्मिती २०२४ मध्ये थांबली, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने ते शिकू नये.
- एक गायक किंवा गायिका, जी मसुदा गाऊन पाहायला तयार असेल.

१. कविता निवडा

पहिल्या गीतासाठी आठ ते सोळा ओळींची कविता पुरेशी आहे. गाण्यात शब्द बोलण्यापेक्षा कितीतरी सावकाश जातात. चौदा ओळींचे सुनीत वाचायला साधारण एक मिनिट लागते, पण दांते गेब्रियल रोझेटी यांच्या ‘सायलेंट नून’ या सुनीताचे व्हॉन विल्यम्स यांनी १९०३ मध्ये केलेले गीत सुमारे चार मिनिटे चालते. म्हणून चाळीस ओळींची कविता पाहून हुरळून जाऊ नये.

कवितेत तीन गोष्टी शोधा : डोळ्यांसमोर उभी राहणारी एखादी प्रतिमा, बोलणारी निश्चित व्यक्ती आणि मध्येच कोठेतरी होणारा भावनेचा पालट. पालट नसेल तर संगीताला जाण्यासाठी दिशा राहत नाही. हार्डी, हाउसमन, क्रिस्टिना रोझेटी, ब्लेक, हेरिक आणि एमिली डिकिन्सन यांच्या छोट्या कविता या कसोटीला उतरतात. युक्तिवाद करणाऱ्या, एका वाक्यात चार उपवाक्ये गुंफणाऱ्या कविता ऐकणाऱ्याला एका फेरीत कळत नाहीत. त्या पहिल्या प्रयत्नात टाळाव्यात.

निवडलेल्या कवितेला पूर्वी कोणी संगीत दिले आहे हे लीडरनेट या संकेतस्थळावर कवीच्या नावाने शोधता येते, आणि हक्कमुक्त स्वरलिपी आयएमएसएलपीवर मिळतात. पूर्वीची गीते मात्र आपला पहिला मसुदा झाल्यानंतरच ऐकावीत असे माझे ठाम मत आहे. एकदा दुसऱ्याची चाल कानात बसली की ती निघत नाही.

पुढच्या पायऱ्यांत मी क्रिस्टिना रोझेटी यांची ‘व्हेन आय ॲम डेड, माय डिअरेस्ट’ ही सोळा ओळींची, दोन कडव्यांची कविता समोर ठेवली आहे. ती १८४८ मध्ये लिहिली गेली आणि १८६२ मध्ये संग्रहात आली. कवयित्रीचे निधन १८९४ मध्ये झाले. मी गेल्यावर माझ्यासाठी दुःखाची गाणी गाऊ नकोस, डोक्याशी गुलाब लावू नकोस, आठवण ठेवावीशी वाटली तर ठेव, विसरावेसे वाटले तर विसर, असा तिचा आशय आहे.

२. हक्कांची खात्री करून घ्या

हे काम स्वर लिहिण्याआधी करायचे आहे. ‘कविता जुनी आहे, इंटरनेटवर सगळीकडे दिसते, म्हणजे मोकळी असणार’ हा समज सर्वांत महागात पडतो.

भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. ब्रिटनमध्ये तो काळ ७० वर्षांचा आहे. अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या लेखनासाठी जास्तीत जास्त ९५ वर्षे, आणि तीही प्रकाशनापासून मोजली जातात. त्यामुळे एकच कविता एका देशात मोकळी आणि दुसऱ्या देशात बंधनात असू शकते. जॉन मेसफील्ड यांची ‘सी-फीव्हर’ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि कवी १९६७ मध्ये वारले. म्हणून ती अमेरिकेत केव्हाच मोकळी झाली आहे, भारतात २०२७ च्या अखेरपर्यंत आणि ब्रिटनमध्ये २०३७ च्या अखेरपर्यंत तिच्यावर हक्क आहे. उलट यीट्स १९३९ मध्ये वारल्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता भारतात आणि ब्रिटनमध्ये मोकळ्या आहेत, पण त्यांच्या अखेरच्या वर्षांतील कवितांसाठी अमेरिकेतील प्रकाशनवर्ष तपासावेच लागते. गीत कोठे छापले जाणार, कोठे गायले जाणार आणि ध्वनिमुद्रण कोठून प्रसारित होणार, त्या प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा ठेवा. परदेशात राहणाऱ्या मराठी संगीतकारांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण गीताचे लेखन एका देशात आणि मैफल दुसऱ्या देशात असे त्यांच्याबाबत सहज घडते.

हक्क असलेली कविता हवीच असेल तर प्रकाशकाकडे लेखी परवानगी मागावी, आणि ती हाती येईपर्यंत रचना पुढे नेऊ नये. एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकारांनी रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ या कवितेवर गायनवृंदासाठी रचना पूर्ण केली, आणि नंतर हक्कदारांनी परवानगी नाकारली. शेवटी त्यांचे कवी मित्र चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री यांनी त्याच स्वरांवर नवे शब्द लिहिले, आणि ती रचना ‘स्लीप’ या नावाने आज गायली जाते. प्रत्येकाला असा मित्र लाभत नाही.

३. पाठ पक्का करा

संकेतस्थळांवरून उतरवलेल्या कवितांत विरामचिन्हे बदललेली, ओळी गळालेल्या, कधी शब्दही बदललेले असतात. विरामचिन्ह म्हणजे गायकाचा श्वास. स्वल्पविराम गळाला की वाक्यही बदलते.

एमिली डिकिन्सन यांच्याबाबत अधिक सावध राहावे लागते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९० पासून निघालेल्या आवृत्त्यांत संपादकांनी शब्द, यमके आणि विरामचिन्हे सुधारली, शीर्षके दिली, काही कडवी गाळली. मूळ हस्तलिखिताला धरून केलेली संपूर्ण आवृत्ती १९५५ मध्ये आली, आणि तिच्या पाठावर हार्वर्डचा हक्क सांगितला जातो. आरन कॉपलंड यांनी डिकिन्सन यांच्या कवितांवर १९५० मध्ये पूर्ण केलेल्या बारा गीतांच्या मालेतील शेवटच्या गीताचे ‘द चॅरिअट’ हे नाव जुन्या संपादकांनीच दिलेले आहे. तुम्ही जुना पाठ घेतलात तर हक्काचा प्रश्न सुटतो, पण शब्द कवयित्रीचे किती आणि संपादकांचे किती हे आधी जाणून घ्या.

जुन्या उच्चारांकडेही लक्ष द्या. ‘विंड’ हा शब्द जुन्या कवितेत ‘बिहाइंड’शी यमक साधण्यासाठी ‘वाइंड’ असा येतो. शेवटच्या ‘एड’चा कधी स्वतंत्र उच्चार होतो, कधी होत नाही. ‘हेवन’, ‘फ्लॉवर’, ‘पॉवर’ हे शब्द वृत्ताच्या गरजेनुसार कधी एक अक्षर, कधी दोन अक्षरे मोजले जातात. ओळीतील आघात मोजल्याशिवाय याचा निर्णय होत नाही.

४. मोठ्याने वाचा आणि आघात लिहून काढा

आपण वृत्तात वाढलेले लोक आहोत. लघु आणि गुरू आपल्या कानात लहानपणापासून मुरलेले असतात. दीर्घ स्वर आला की आपण तो आपोआप लांबवतो. इंग्रजी पद्य अक्षराच्या लांबीवर उभे नाही, आघातावर उभे आहे, आणि आघात असलेले अक्षर पुष्कळदा ऱ्हस्व असते. ‘पिटी’, ‘बॉडी’, ‘नेव्हर’, ‘हेवन’ या शब्दांत पहिल्या अक्षरावर जोर आहे, पण ते अक्षर आखूड आहे. मराठी कानाने असा शब्द स्वरात बसवला तर ‘पिटी’मधील ‘टी’ लांब होऊन ठोक्यावर बसते आणि शब्द इंग्रजी राहत नाही. पर्सेल यांनी यावर वापरलेला तोडगा आजही उपयोगी आहे : जोरदार ठोक्यावर आखूड स्वर आणि त्याच्या मागोमाग कमजोर जागेवर लांब स्वर. या ऱ्हस्व-दीर्घ जोडीला स्कॉच स्नॅप म्हणतात. तिच्यामुळे आघातही राहतो आणि अक्षराचा आखूडपणाही.

आता रोझेटी यांच्या पहिल्या दोन ओळी घ्या : ‘व्हेन आय ॲम डेड, माय डिअरेस्ट, / सिंग नो सॅड साँग्ज फॉर मी’. पहिल्या ओळीत वृत्ताचे आघात ‘आय’, ‘डेड’ आणि ‘डिअ’ यांवर पडतात. पण कोणी ही ओळ खरोखर बोलेल तेव्हा ‘आय’वर जवळजवळ जोर राहत नाही, ‘व्हेन आय ॲम’ ही तीन अक्षरे भरभर पुढे सरकून ‘डेड’वर येऊन थांबतात. म्हणून ती तीन अक्षरे बाररेषेच्या आधी अपबीट म्हणून घ्यावीत आणि ‘डेड’ पहिल्या ठोक्यावर ठेवावा. बंदिशीचा मुखडा समेच्या आधी उठून समेवर येतो ही आपल्या कानाची सवय येथे कामी येते. ‘व्हेन’ हाच शब्द पहिल्या ठोक्यावर लांब धरला, तर ‘केव्हा?’ असा प्रश्न विचारल्यासारखे ऐकू येते.

दुसरी ओळ याच्या उलट आहे. वृत्ताच्या हिशेबाने ‘नो’, ‘साँग्ज’ आणि ‘मी’ यांवर आघात आहेत, पण बोलताना ‘सिंग’, ‘नो’, ‘सॅड’, ‘साँग्ज’ हे चारही शब्द वजनदार आहेत. सलग चार जड शब्द म्हणजे ओळ जागच्या जागी मंद झाली. त्यांना एक जोरदार-एक कमजोर अशा धावत्या स्वरांत बसवले तर कवयित्रीने मुद्दाम आणलेली संथ गती नाहीशी होते. प्रत्येकाला स्वतःचा ठोका दिला तर ती टिकते. ‘फॉर मी’ मात्र हलके सोडावे. शेवटच्या ‘मी’ला दीर्घ ईकार आहे म्हणून तेथे लांब तान घेण्याचा मोह होतो, पण या कवितेतील बाई स्वतःवर जोर देणारी नाही.

कामाची पद्धत अशी ठेवा. कविता दोन ओळींच्या मध्ये भरपूर जागा सोडून हाताने लिहा. वृत्ताचे आघात एका रंगात दाखवा. नंतर अर्थाने मोठ्याने वाचून, स्वतःचा आवाज फोनवर मुद्रित करून, बोलण्याचे आघात दुसऱ्या रंगात दाखवा. जेथे दोन रंग जुळत नाहीत, तेथेच कवितेचे खरे संगीत लपलेले असते, आणि तेथेच तुमचे निर्णय लागतात. शंका वाटणारा प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहा. आपण शाळेत शिकलेले आघात पुष्कळदा भारतीय इंग्रजीचे असतात.

लांब ओळींचा एक वेगळा प्रश्न आहे. पाच आघातांची ओळ ही इंग्रजी काव्याची मुख्य ओळ, आणि पाश्चात्त्य चाल साधारणपणे दोन-चार-आठ बारांच्या पटीत चालते. पाच आघात चार बारांत कोंबले की शेवटचे शब्द गर्दीत सापडतात. रॉजर क्विल्टर यांनी टेनिसन यांच्या ‘नाऊ स्लीप्स द क्रिम्झन पेटल’ला १९०४ च्या सुमारास दिलेले संगीत पाहा. तेथे तीन आणि पाच ठोक्यांचे बार आलटून पालटून येतात, आणि ऐकणाऱ्याला टाइम सिग्नेचर बदलल्याचे जाणवतही नाही, इतकी ओळ बोलण्यासारखी चालते. बार बदलायला घाबरू नका.

५. कडव्यांचे काय करायचे ते ठरवा

सर्व कडव्यांना एकच चाल, चाल तीच पण प्रसंगानुसार बदललेली, किंवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नवे नवे संगीत, असे तीन मार्ग आहेत. नवशिक्याला पहिला सोपा वाटतो, कारण आपल्याकडे पहिल्या कडव्याला चाल बसली की बाकीची कडवी त्यात म्हणायची अशी रीत आहे. इंग्रजीत हे धोक्याचे आहे. रोझेटी यांच्या पहिल्या कडव्याची सातवी ओळ आहे ‘अँड इफ दाउ विल्ट, रिमेंबर’. ती हलक्या ‘अँड’ने सुरू होते आणि आघात ‘इफ’वर पडतो. दुसऱ्या कडव्यात त्याच जागी ‘हॅप्ली (म्हणजे कदाचित) आय मे रिमेंबर’ येते, आणि तेथे आघात पहिल्याच अक्षरावर आहे. पहिल्या ओळीसाठी लिहिलेला अपबीट दुसऱ्या ओळीला लावला तर ‘हॅप्ली’ शब्द उलटा ऐकू येतो. शिवाय अर्थही पालटला आहे. पहिल्यांदा ती दुसऱ्याला मोकळीक देते. दुसऱ्यांदा स्वतःला काही आठवेल की नाही याचा अंदाज करते. हा पालट संगीतात दिसलाच पाहिजे. माझ्या मते या कवितेला दुसरा मार्ग योग्य आहे : चाल ओळखू येईल इतकी तीच, पण ‘हॅप्ली’पाशी लय आणि हार्मनी दोन्ही बदललेली. क्रिस्टिना रोझेटी यांच्याच ‘इन द ब्लीक मिडविंटर’ला होल्स्ट यांनी १९०६ मध्ये एकच चाल दिली, आणि कडव्यांतील अक्षरसंख्या कमी-जास्त असल्याने गाणाऱ्यांना आजही काही ओळींत स्वर तोडावे किंवा जोडावे लागतात. समूहगीतात ते खपते. कलागीतात ते काम संगीतकाराचे आहे.

कवितेत दोन आवाज असतील तर रूप आपोआप ठरते. हाउसमन यांच्या ‘इज माय टीम प्लाउइंग’मध्ये मेलेला तरुण प्रश्न विचारतो आणि जिवंत मित्र उत्तर देतो. जॉर्ज बटरवर्थ यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सहा गीतांत मृताचा प्रश्न अगदी हलक्या आवाजात, वरून खाली घसरणाऱ्या कॉर्ड्सवर ठेवला आणि मित्राचे उत्तर मोठ्या आवाजात, वेगाने दिले. एकच गायक दोन माणसे होतो. (बटरवर्थ पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या लढाईत मारले गेले, वय ३१.)

कडवी गाळावीत का, यावर याच कवितेवरून वाद झाला होता. व्हॉन विल्यम्स यांनी १९०९ मधील ‘ऑन वेनलॉक एज’ या गीतमालेत तिची फुटबॉलविषयीची दोन कडवी वगळली. हाउसमन संतापले, संगीतकाराच्या रचनेतील दोन बार मी काढून टाकले तर त्यांना कसे वाटेल, असा त्यांचा सवाल होता. अर्थ बिघडत नसेल तर कवितेचा भाग निवडण्याचा संगीतकाराला अधिकार आहे, असे व्हॉन विल्यम्स यांचे म्हणणे होते. क्विल्टर यांनीही टेनिसन यांच्या कवितेचा मधला भाग सोडलेला आहे. मी हाउसमन यांच्या बाजूचा आहे. संपूर्ण कविता पेलत नसेल तर छोटी कविता घ्यावी. मात्र गाळलेच तर स्वरलिपीवर तसे स्पष्ट छापावे.

ध्रुवपदाची सवयही आवरावी लागते. प्रत्येक कडव्यानंतर पहिल्या ओळीवर परत येणे भावगीतात शोभते, कारण कवी ते गृहीत धरूनच लिहितो. रोझेटी यांच्या कवितेत विचार पुढे जातो आणि परत येत नाही. तेथे पहिली ओळ पुन्हा गायली तर तो तुटतो. फिंझी यांनी हार्डी यांच्या कवितांची गीते करताना शब्दांची पुनरावृत्ती जवळजवळ टाळली आणि बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एकच स्वर दिला. सुरुवातीला हाच नियम पाळावा.

६. गळ्याचा विचार करून ओळ लिहा

गायक ठरल्याशिवाय चाल लिहू नका. एकूण पल्ला दीड सप्तकाच्या आत ठेवा. बहुतेक गीतांना दहा स्वरांचा पल्ला पुरतो. पल्ल्याहून महत्त्वाचा आहे तो ओळीचा मुक्काम. चाल सतत वरच्या पट्टीत घुटमळत राहिली तर, सर्वांत उंच स्वर आवाक्यात असूनही, गायक दोन कडव्यांत थकतो.

उंच स्वरावर कोणते अक्षर येते ते तपासा. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांची ओळख ज्या पहिल्या अनुनादावर अवलंबून असते तो साधारण ३०० ते ४०० हर्ट्झला असतो. सोप्रानो वरच्या एफवर, म्हणजे सुमारे ७०० हर्ट्झला, गाते तेव्हा मूळ स्वरच त्या अनुनादाच्या बराच वर गेलेला असतो. मग ‘सी’ आणि ‘सू’ यांतला फरक श्रोत्याला कळत नाही. म्हणून ज्या शब्दावर अर्थ टेकला आहे, तो तेथे ठेवू नये. ‘आ’च्या जवळचे स्वर त्यातल्या त्यात टिकतात.

‘रेन’, ‘पेन’, ‘नाइट’ यांसारख्या शब्दांत जोडस्वर आहे. तो लांब धरायचा असेल तर गायक पहिला भाग धरून दुसरा अगदी शेवटी उच्चारतो. त्या शेवटाला वेळ मिळावा म्हणून पुढच्या शब्दाआधी थोडी मोकळी जागा ठेवा. ‘सॅड साँग्ज’सारख्या ठिकाणी एका शब्दाचे शेवटचे व्यंजन आणि पुढच्याचे पहिले व्यंजन लगटून येतात, जलद स्वरांत ती विरघळतात. सात-आठ सेकंदांहून लांब वाक्य एका श्वासात मागू नये, आणि श्वास घेण्याची जागा विरामचिन्हाशीच असावी.

७. पियानोला त्याचे काम द्या

गायकाची चाल उजव्या हाताने जशीच्या तशी वाजवणे ही हार्मोनियमच्या साथीतून आलेली सवय आहे. कलागीतात पियानो स्वतंत्र बोलतो. तो जागा उभी करतो, गायक बोलत नाही ते बोलतो, आणि गायक थांबल्यावर पुढे काय झाले ते सांगतो. ‘सायलेंट नून’मध्ये ठोक्याच्या मागे सरकणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉर्ड्समुळे गवतात पडून राहिलेली दुपार सुरुवातीलाच जाणवते. ब्रिटन यांच्या १९५३ मधील ‘विंटर वर्ड्स’मध्ये हार्डी यांच्या रेल्वेप्रवासाच्या कवितेला पियानोने आगगाडीची शीळ दिली आहे.

रोझेटी यांच्या कवितेला मात्र असे काही दृश्य नको. येथील सापळा वेगळाच आहे : मृत्यू म्हटले की मायनर स्केल, संथ लय आणि उसासे टाकणाऱ्या कॉर्ड्स. दुःखाची गाणी गाऊ नकोस असे सांगणाऱ्या कवितेला रडके संगीत दिले, तर संगीतकाराने तिचे ऐकलेच नाही असे होते. साधी, स्थिर, विरळ साथ ठेवावी. ‘सिंग नो सॅड साँग्ज’पाशी पियानो जवळजवळ थांबला तरी चालेल. दुसऱ्या कडव्यात नाइटिंगेल गातो. तेथे उजव्या हातात पक्ष्याचे बोल वाजवण्याचा मोह टाळा, कारण तो आपल्याला ऐकू येणार नाही असेच ती सांगते.

रागाचा उपयोग करावा का, हा प्रश्न आपल्याकडचे विद्यार्थी नेहमी विचारतात. करता येतो, पण पियानोवर मींड येत नाही, आणि सतत षड्ज धरून ठेवला तर हार्मनीला हालचाल करायला जागा उरत नाही. रागाचे स्वर घ्यावेत आणि आधारस्वर कडव्यागणिक हलवावा, हा मला पटलेला मध्यम मार्ग आहे.

८. स्वच्छ स्वरलिपी तयार करा

शब्द गायकाच्या ओळीखाली, आणि आवाजाच्या चढ-उताराच्या खुणा ओळीच्या वर लिहा, म्हणजे दोन्ही एकमेकांत अडकत नाहीत. शब्दांची फोड शब्दकोशाप्रमाणे करून मध्ये जोडचिन्हे द्या. एका अक्षराला अनेक स्वर असतील तर शेवटच्या अक्षरापुढे रेघ ओढा. कवितेची मूळ विरामचिन्हे आणि मोठी अक्षरे तशीच ठेवा. पहिल्या पानावर संपूर्ण कविता तिच्या मूळ ओळींत छापा, कारण गायकाला ती कविता म्हणून वाचायची असते. कवीचे नाव व जन्म-मृत्यूची वर्षे डावीकडे, संगीतकाराचे नाव उजवीकडे. पियानोवादकाला पान उलटायला हात मोकळा मिळतो का, हे मुद्रणापूर्वी पाहा.

सॉफ्टवेअरमधून ऐकू येणाऱ्या आवाजावर विश्वास ठेवू नका. त्याला श्वास लागत नाही आणि शब्दही उच्चारावे लागत नाहीत.

९. गायकाबरोबर बसा

पहिल्या भेटीत गायकाला कविता फक्त वाचायला सांगा, स्वर न दाखवता. तो जेथे थांबतो, जेथे जोर देतो, ते आपल्या लिपीशी ताडून पाहा. नंतर शब्दांशिवाय चाल, मग लयीत नुसते शब्द, आणि शेवटी दोन्ही एकत्र. कविता माहीत नसलेल्या एखाद्या व्यक्तीला समोर बसवून गीत ऐकवावे आणि कोणते शब्द कळले नाहीत ते विचारावे. तोच शब्द दोन वेगवेगळ्या श्रोत्यांना कळला नाही, तर दोष उच्चारात नसून लेखनात आहे असे समजून तो बार पुन्हा लिहावा.

१०. नोंदणी आणि सादरीकरण

भारतीय कायद्यात संगीतकृती म्हणजे फक्त संगीत. तिच्यात शब्द धरले जात नाहीत. त्यामुळे कविता मोकळी असली तरी तुमच्या स्वरांवर तुमचा स्वतंत्र हक्क असतो, आणि तो नोंदणीशिवायही निर्माण होतो. वाद झाल्यास पुरावा हवा म्हणून कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन नोंदणी करता येते. त्यासाठी पुढील गोष्टी लागतात :

- भरलेला अर्ज क्रमांक १४ आणि त्यासोबतची विवरणपत्रे.
- स्वरलिपीची प्रत.
- संगीतकृतीसाठी ५०० रुपये शुल्क.
- कविता हक्कात असेल तर परवानगीचे पत्र.

अर्जाला डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते; त्यानंतर छाननी होते. कार्यक्रमपत्रिकेत कवीचे नाव संगीतकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे, आणि संपूर्ण कविता श्रोत्यांच्या हाती द्यावी. महाराष्ट्रात किंवा गोव्यात मैफल असेल तर कवितेखाली दोन-तीन वाक्यांत मराठी किंवा कोंकणी भावार्थही द्यावा. मात्र तो गीत सुरू होण्याआधी वाचून होईल इतका छोटा असावा, आणि पान उलटण्याची वेळ गीताच्या मध्यावर येणार नाही अशी पत्रिकेची मांडणी करावी.